सुशीला, धपाटे आणि चमकुरा

पुण्यामुंबईकडील एखादा पाहुणा परभणी जिल्ह्यांतील गंगाखेड गांवीं प्रथमच उतरला आणि सकाळीं यजमानीणबाईंनीं माजघरांतून विचारलें, “नाश्त्याला सुशीला चालेल ना?” म्हणजे तो क्षणभर गोंधळल्यावांचून राहत नाहीं. सुशीला ही शेजारची कोणी मुलगी असावी आणि फराळाचें तीच आणून देणार असावी, असा त्याचा समज होतो. थोड्या वेळानें बशी पुढें येते. तींत भिजवून पिळलेल्या आणि हळदीनें पिवळ्या झालेल्या मुरमुऱ्यांचा वाफाळता ढीग असतो. वर कोथिंबीर पेरलेली, बाजूला लिंबाची फोड. पहिला घांस तोंडांत गेल्यावर त्याला कळतें कीं यावयाची होती ती सुशीला हीच.

करण्याची रीत सोपी आहे, पण वेळ साधावी लागते. मुरमुरे पाण्यांत बुडवून लगेच काढावयाचे आणि दोन्ही तळव्यांमध्यें दाबून पाणी घालवावयाचें. अंमळ उशीर झाला तर त्यांचा लगदा होतो. फोडणींत मोहरी, जिरें, हिरवी मिरची, कढीलिंब आणि कांदा. वर शेंगदाणे आणि डाळव्याची, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याच्या डाळीची पूड. ही पूड मुरमुऱ्याच्या अंगचें उरलेलें पाणी शोषून घेते आणि दाणा दाण्यापासून मोकळा राहतो. मुरमुरा म्हणजे तापलेल्या वाळूंत फुगलेला तांदूळ. त्यांत तांदळापेक्षां हवाच अधिक, आणि पाणी लागलें कीं तो आंग चोरतो. म्हणून चार माणसांची सुशीला करावयाची तर टोपलीभर मुरमुरे घ्यावे लागतात, ही गोष्ट नव्या सुनेला पहिल्या दिवशीं सहसा कोणी सांगत नाहीं.

हें नांव आलें कोठून? दक्षिणेकडे विजापूर, बागलकोट, धारवाड या कानडी मुलखांत हाच पदार्थ ‘सुसला’ म्हणून प्रसिद्ध आहे. आणखी खालीं बळ्ळारीकडे आणि आंध्रांतील कर्नूल-अनंतपुराकडे त्याला ‘उग्गाणी’ म्हणतात आणि जोडीला मिरचीचीं भजीं देतात. ‘सुसला’ हा शब्द मराठी कानाला निरर्थक. असा निरर्थक ध्वनि पुन्हां पुन्हां ऐकावा लागला म्हणजे कान त्याला ओळखीच्या शब्दाच्या सांच्यांत बसवूं पाहतो. सुसल्याची सुशीला झाली ती याच रीतीनें, असें मानणें सयुक्तिक दिसतें. या रीतीचें दुसरें उदाहरण तर दिवाळींत घरोघर तळलें जातें. फारसींतला ‘शकरपारा’, म्हणजे साखरेचा तुकडा, मराठींत आला तो ‘शंकरपाळे’ होऊन. महादेवाचा त्या तुकड्याशीं संबंध काय, असें विचारणें कोणाला सुचत नाहीं, कारण नांव आपलें वाटतें. एका पदार्थाला मुलीचें नांव मिळालें, दुसऱ्याला देवाचें. आणि या दोन्ही नांवांनीं पुढें घरांत कशी अडचण केली तें ओघानें येईलच.

गंगाखेड हें गोदावरीच्या तीरावरचें गांव. या भागांत गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि गांवाच्या नांवांतील गंगा ती हीच. संत जनाबाईंचें जन्मगांव म्हणून वारकऱ्यांस तें ठाऊक आहे. पदार्थांच्या नांवांचा शोध घेणाऱ्याला मात्र त्याची दुसरी एक बाजू अधिक उपयोगी पडते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. त्या संस्थानांत तेलुगु, मराठी आणि कानडी अशा तीन मोठ्या लोकभाषा, आणि दरबाराची व कचेरीची भाषा उर्दू. १९५६ सालीं भाषावार प्रांतरचना झाली तेव्हां मराठवाड्याचे पांच जिल्हे मुंबई राज्यांत आले, बीदर, गुलबर्गा व रायचूर म्हैसूरकडे गेले आणि तेलंगण आंध्राला जोडलें गेलें. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला. एवढ्या उलथापालथींत स्वयंपाकघरांतले शब्द मात्र होते तेथेंच राहिले.

चमकुरा हा त्यांपैकींच एक. पुण्याकडे जिला अळूवडी म्हणतात ती मराठवाड्यांतल्या कित्येक घरीं चमकुऱ्याची वडी असते. हा शब्द मूळ तेलुगु आहे. तेलुगूंत ‘चेम’ म्हणजे अळू आणि ‘कूर’ म्हणजे भाजी. ‘चेमकूर’ म्हणजे अळूची पालेभाजी. सतराव्या शतकांत तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या दरबारीं ‘विजयविलासमु’ हें काव्य रचणारा जो प्रसिद्ध तेलुगु कवि होऊन गेला, त्याचें घराण्याचें नांवच चेमकूर होतें. आपल्याकडे भेंडे, भोपळे, दोडके हीं आडनांवें ऐकून हंसणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. असो. हा पाला तेलंगणांतून नांवासकट मराठवाड्यांत आला आणि उच्चार थोडा झिजून मराठी झाला. आज तो शब्द वापरणारी बाई त्याला तेलुगु म्हटलें तर विश्वास ठेवणार नाहीं.

उलट बाजूचें उदाहरण बटाटेवड्याचें. मराठवाड्यांत आणि वऱ्हाडांत तो ‘आलूबोंडा’ होतो. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीज. पश्चिम किनाऱ्याच्या मराठीनें कंदाबरोबर त्याचें नांवही ठेवून घेतलें. मराठवाड्याच्या तोंडीं जो ‘आलू’ बसला तो उत्तरेच्या हिंदुस्थानींतून आलेला. बोंडा हा शब्द दक्षिणेकडेही सर्वत्र आहे, पण कपाशीच्या या मुलखांत ‘बोंड’ म्हटल्यावर डोळ्यांपुढें जें गोल फळ येतें, त्यामुळें तो येथें परका वाटला नाहीं. म्हणजे तेंच बेसन, तोच कंद, तीच कढई; एका नांवांत समुद्र आणि दुसऱ्यांत दिल्ली-हैदराबादची वाट.

मुरमुऱ्यांचें तसें नाहीं. तेथें सगळा खेळ आवाजाचा. मुंबई-कोंकणांत कुरमुरे, देशावर चुरमुरे, मराठवाड्या-वऱ्हाडांत मुरमुरे. कानडींत चुरमुरी, तेलुगूंत मरमरालु. दांताखालीं जो आवाज होतो तो प्रत्येक प्रांतानें आपापल्या कानानें टिपला. गंमत अशी कीं पंढरपुराहून प्रसादाची पुडी आली तर तिच्यांतले दाणे ‘चुरमुरे’ असतात, आणि तेच दाणे आठवडी बाजारांतून आणले कीं ‘मुरमुरे’. याच मुरमुऱ्यांना न भाजतां, न परततां, तेल, तिखट, मीठ, मेतकूट आणि चिरलेला कांदा लावला कीं मराठवाड्यांत त्याचा ‘कच्चा चिवडा’ होतो. नांव ऐकून पुणेकर दचकतो. खाऊन झाल्यावर आणखी मागतो.

रव्याच्या पदार्थाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण घरांतली भांडणें बहुधा त्याच्यावरून होतात. तिखटमिठाचा जो रवा, त्याला मराठवाड्याच्या जुन्या घरांत ‘सांजा’ म्हणतात. सोलापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यांत तेंच ‘उप्पीट’. हा कानडी शब्द, ‘उप्पु’ म्हणजे मीठ आणि ‘हिट्टु’ म्हणजे पीठ. हॉटेलांतून आलेला ‘उपमा’ दक्षिणेकडचा, आणि त्याचा आरंभही त्याच मिठापासून. ज्या वेळीं हे पदार्थ खातात त्या वेळेचीं नांवेंही पाहण्यासारखीं आहेत. ‘नाश्ता’ हा फारसी शब्द, मूळ अर्थ उपाशी. ‘फराळ’ हा ‘फलाहार’ या शब्दाचा झिजलेला अवतार, म्हणजे उपवासाचा. पोट भरण्याच्या क्रियेला दोन शब्द, आणि दोन्ही रिकाम्या पोटाचे!

या सर्वांत अस्सल येथल्या मातींतलें नांव कोणतें म्हणाल तर तें धपाटे. धपाटा म्हणजे पाठींत बसणारा उघड्या हाताचा तडाखा. ज्वारीचें पीठ, थोडी कणीक, थोडें बेसन, लसूण, जिरें, तिखट, मीठ, तीळ. हें सारें मळून ओल्या फडक्यावर हातानें थापावयाचें आणि फडक्यासकट उचलून तव्यावर पालथें घालावयाचें. थापतांना जो धप्‌धप् आवाज होतो तो शेजारच्या घरापर्यंत जातो, आणि आज कोणाकडे काय आहे हें गल्लीला समजतें. पुण्याकडील लोक याला थालीपीठ म्हणूं पाहतात, तें बरोबर नाहीं. थालीपीठ भाजणीचें, म्हणजे धान्यें आधीं भाजून मग दळलेल्या पिठाचें. धपाट्याचें पीठ कच्चें, जात्यावरून थेट परातींत आलेलें. थालीपीठ जाड आणि खुसखुशीत, धपाटे पातळ आणि मऊ. म्हणूनच तें प्रवासांत टिकतें. दुधांत मळलेली दशमी आणि धपाटे ही जोडी वारीच्या गांठोड्यांत बांधली जाई, आणि परभणी-परळी लोहमार्गावरील गंगाखेडच्या फलाटावर आजही एखादें फडकें सुटलें कीं लसणाच्या चटणीचा वास डबाभर पसरतो. आई मुलाला “धपाटा देऊं का?” असें विचारते तेव्हां मुलानें आधीं तिच्या चेहऱ्याकडे पाहणें इष्ट असतें.

येथवर गांवाचीं आणि प्रांताचीं नांवें झालीं. घराच्या उंबऱ्याआंत जीं नांवें जन्मतात त्यांची कारणें वेगळीं असतात. कांहीं मुलांमुळें पडतात. ‘र’ न उच्चारतां येणारें मूल करंजीला ‘कलंजी’ म्हणतें. मूल मोठें होऊन नोकरीला लागतें, तरी घरांत कलंजीच तळली जाते. कांहीं फजितीमुळें पडतात. सारण कमी पडलेली करंजी हालवली कीं वाजते, म्हणून तो ‘खुळखुळा’. अनारशाच्या पिठांत गूळ अधिक झाला किंवा पीठ सैल राहिलें तर तुपांत सोडतांच अनारसा पसरतो आणि त्याचे तुकडे होतात. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाळवून, कुटून केलेली सारी मेहनत अशी एका क्षणांत कढईंत विरते. पण अनारसा ‘बिघडला’ असें कोणी बाई म्हणत नाहीं. ‘अनारसा हंसला’ असें म्हणतात. बांगडी फुटली न म्हणतां वाढली म्हणण्याची जी चाल, तिचीच ही धाकटी बहीण. सणाच्या दिवशीं अशुभ बोलावयाचें नाहीं, आणि करणारीला लाजवावयाचेंही नाहीं, हीं दोन्ही कामें त्या एका शब्दानें होतात.

सर्वांत चमत्कारिक कारण निषेधाचें. पतीचें, सासूसासऱ्यांचें आणि थोरल्या दिराचें नांव सुनेनें उच्चारूं नये, असा कडक दंडक एके काळीं होता; उखाण्यांत तेवढी मुभा असे. आतां सुशिक्षित घरांतून तो बहुतेक गेला आहे. पण ज्या घरीं सासूबाईंचेंच नांव सुशीला, त्या घरीं सुनेनें सकाळीं काय करीत आहें म्हणून सांगावें? आणि पतीचें नांव शंकर असेल तर दिवाळीचा डबा कोणत्या नांवानें मागावा? ती बिचारी ‘भिजवलेले मुरमुरे’ म्हणे, ‘चौकोनी तुकडे’ म्हणे, नाहीं तर नुसतें ‘तें’ म्हणे. मुलें आईच्या तोंडचा शब्द उचलीत. सासू जाई, दंडक जाई, आणि तिसऱ्या पिढींत त्या घरचीं मुलें शंकरपाळ्यांना ‘चौकोनी’ कां म्हणतात हें कोणालाच सांगतां येत नसे. अशा एखाद्या विचित्र घरगुती नांवाच्या मुळाशीं विनोद असेल असें वाटतें. तेथें पुष्कळदां एका स्त्रीचें मौन असतें.

सुनेचा आणि शब्दांचा हा संबंध एवढ्यावर संपत नाहीं. लग्नांत वधूचें नांव बदलीत. ताटांत तांदूळ पसरून त्यांत अंगठीनें नवें नांव लिहीत, आणि त्या दिवसापासून माहेरचें नांव मागें पडे. थोड्याच दिवसांनीं स्वयंपाकघरांत तोच विधि तांदळाशिवाय होई. सोलापूरकडची मुलगी ‘उप्पीट’ म्हणाली कीं “आपल्याकडे त्याला सांजा म्हणतात” असें तिला सांगण्यांत येई. त्या ‘आपल्याकडे’ या शब्दांत ती आहे कीं नाहीं, हें तिला कळत नसे. नागपूरकडून आलेली सून “दोन जुड्या सांबार आणा” म्हणाली तर घर हंसे. कारण वैदर्भी बोलींत सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि कोथिंबिरीचें सारण भरून तळलेली वडी तिच्या माहेरीं सांबारवडी. हंसणाऱ्यांच्या मनांत कांहीं नसे. पण दुसऱ्या दिवसापासून ती तो शब्द त्या घरांत उच्चारीत नसे. माहेरीं गेल्यावरच तो तिच्या तोंडीं येई. वडी तीच करी, तिच्या आईनें शिकवलेली, आणि ती सर्वांना आवडे. फक्त तिचें नांव सासरचें होई. पदार्थ ठेवून घ्यावयाचा आणि शब्द परत पाठवावयाचा, हा व्यवहार न्यायाचा नव्हे.

क्वचित् उलटेंही घडे. कांहीं घरांत सून ठाम राहिली, किंवा सासूच समंजस निघाली, आणि दोन्ही नांवें नांदूं लागलीं. अशा घरांत आजीच्या हातचा तो सांजा आणि आईच्या हातचें तें उप्पीट. रवा एकाच डब्यांतला, फोडणी तीच. तरी दोहोंची चव निराळी असल्याचें नातवंडें शपथेवर सांगतात.

हे शब्द लिहून कोणी ठेवले? पदार्थांचीं नांवें लिहून ठेवण्याची परंपरा तशी जुनी आहे. गंगाखेडापासून दक्षिणेस, आज बीदर जिल्ह्यांत असलेल्या कल्याण येथें चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला. त्यांत राजाच्या भोजनाच्या प्रकरणीं मंडक आणि पोलिका आल्या आहेत; तेच आपले मांडे आणि पोळ्या. छापखाना आल्यावर १८७५ सालीं रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ निघालें, १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’, आणि १९७० सालीं कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ घरोघर गेली. हीं पुस्तकें मोलाचीं आहेत. परंतु छापील पुस्तकांत पश्चिम महाराष्ट्राच्या तोंडचें नांव आलें म्हणजे तें शुद्ध ठरतें, आणि मराठवाड्यांतली मुलगी आईच्या शब्दाला खेडवळ समजूं लागते. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात भाग १९३२ ते १९३८ या काळांत प्रसिद्ध झाले, त्यांत प्रांतोप्रांतींचे हजारों शब्द आहेत. पण एका घरापुरत्या चालणाऱ्या नांवाला कोशांत जागा मिळणें शक्य नाहीं. तें बोलणारीं माणसें आहेत तोंवर तें आहे.

आतां पाकिटांचे दिवस आले आहेत. कारखानदाराला सर्व महाराष्ट्रांत एकच नांव छापावें लागतें, हें समजण्यासारखें आहे. मूल प्रथम पाकिटावरचें नांव वाचतें आणि आजीला सुधारतें. पूर्वी सुनेला सुधारीत, आतां आजीला, एवढाच फरक. तरीही गंगाखेडांत सुशीला अजून सुशीलाच आहे, कारण ती करून ठेवतां येत नाहीं. पाकिटांत भरली तर तासाभरांत तिचा गोळा होतो.

अशीच एक दुसरी वस्तु म्हणजे घुगऱ्या. बाळाच्या बारशाला हरभरे किंवा गहूं भिजवून उकडतात आणि मीठ घालून, कोठें गूळ घालून, वाटतात. कानडींत त्यांना ‘गुग्गरी’ म्हणतात, तेलुगूंत ‘गुग्गिळ्ळु’, हिंदींत ‘घुघरी’. जुन्या हैदराबाद संस्थानाच्या कोणत्याही कोपऱ्यांत हा शब्द उच्चारला तरी समजला असता. जास्त शहाणपण करणाऱ्या तरुणाला “तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या आहेत” असें सांगून म्हातारी माणसें गप्प बसवितात तें यावरूनच. घुगऱ्या दुकानांतून आणीत नाहींत. आदल्या रात्रीं भिजत घालतात, आत्येनें बाळाच्या कानांत नांव सांगितलें कीं वाट्या भरतात आणि शेजारीं पाठवितात.